सीपॅप, व्हेंटिलेटर तपासायचा फ्लो-प्रेशर टेस्टर बनवताना: कुठल्या क्रमाने जायचं आणि कुठे चुकतं

सीपॅप, बायपॅप, व्हेंटिलेटर ही श्वासाला हवा पुरवणारी मशीनं. ती तपासणारा टेस्टर बनवायला घेणाऱ्या जवळपास सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, सेन्सर कोणता घेऊ? आणि क्रम तिथेच चुकतो. सेन्सर येतो, बोर्ड बनतो, स्क्रीनवर छान ग्राफ पळायला लागतो आणि मग कॅलिब्रेट केलेल्या (खात्रीच्या मापाशी जुळवलेल्या) अ‍ॅनालायझरशी ताडून बघितलं की रीडिंग सहा-सात टक्क्यांनी वेगळं, कधी दहा टक्क्यांनी. मग कोडमध्ये गुपचूप एक गुणक टाकतात आणि रीडिंग जुळलं म्हणून खूश होतात. असा टेस्टर मशीन पास करतो किंवा नापास करतो, आणि ते मशीन नंतर कुणाच्या तरी नाकाला लागणार असतं, म्हणून हा लेख जरा लांबलाय पण शेवटपर्यंत वाचा.

इथे धरलेला टेस्टर असा: टेबलावर ठेवायचा, फ्लो साधारण ०.५ ते १२० एलपीएम (लिटर प्रति मिनिट) दोन्ही दिशांनी, प्रेशर उणे १० ते १०० सेंटीमीटर पाणी (पुढे नुसतं 'सेंमी' म्हणतो), आणि सोबत ब्रीदिंग सर्किटची, म्हणजे मशीनपासून पेशंटपर्यंतच्या नळ्यांची, लीक टेस्ट. सीपॅप, बायपॅप, व्हेंटिलेटर, त्यांच्या नळ्या आणि मास्क हे सगळं यात बसतं.

सावधान: हा टेस्टर पेशंट जोडलेल्या सर्किटमध्ये कधीच लावायचा नाही. टेस्ट लंग (नकली फुप्फुस) किंवा टेबलावरचं सर्किट, एवढंच.

१. खरेदीच्या आधी एक पान लिहा

काय तपासायचंय, ते आकड्यांत लिहा. जास्तीत जास्त फ्लो किती, कमीत कमी किती, हवा की ऑक्सिजन की दोन्हीचं मिश्रण, कोरडी की ह्युमिडिफायरमधून आलेली ओली, फ्लो एकसारखा आहे की श्वासासारखा वरखाली होणारा. कमीत कमी फ्लो लिहायला लोक विसरतात आणि पुढचं सगळं खरं तर त्याच आकड्यावर ठरतं.

मग अचूकता. तपासायच्या मशीनला जेवढी चूक माफ आहे त्याच्या चौथ्या भागात टेस्टरची चूक बसायला पाहिजे, म्हणजे मशीनला ±१० टक्के असेल तर टेस्टर ±२.५ टक्के. या २.५ मध्ये सेन्सर, झिरो सरकणं (काहीच वाहत नसतानाचं रीडिंग शून्यापासून हलणं), तापमान आणि ज्याच्याशी कॅलिब्रेट केलं त्या रेफरन्सची अनिश्चितता, सगळं आलं. नुसत्या सेन्सरचीच डेटाशीटमधली चूक २.५ असेल तर तुमच्या हातात काहीच उरलं नाही.

आणि डेटाशीट वाचताना एक शब्द शोधा: टक्का 'रीडिंगचा' आहे की 'फुल स्केलचा', म्हणजे सेन्सरच्या कमाल रेंजचा? २०० एलपीएमचा सेन्सर फुल स्केलच्या २ टक्के म्हणजे ±४ एलपीएम, आणि ती ±४ सगळीकडे लागू. तुम्ही २० एलपीएम मोजत असाल तर ती चूक २० टक्के झाली. मोठी रेंज घेतली म्हणजे सुरक्षित, असं अजिबात नाहीये.

तपासा: पानावर कमीत कमी फ्लो, त्या फ्लोला चालणारी चूक, आणि वायू हे तिन्ही लिहिलंय का? नसेल तर पुढे जाऊ नका.

२. एकक आणि 'कुठल्या परिस्थितीतला लिटर' हे आत्ताच ठरवा

प्रेशरचं सोपं आहे. १ सेंमी पाणी म्हणजे ९८.०७ पास्कल. १ मिलीबार आणि १ हेक्टोपास्कल एकच, दोन्ही १०० पास्कल, म्हणजे १.०२ सेंमी. १ पीएसआय म्हणजे ७०.३ सेंमी. मिलीबार आणि सेंमी जवळजवळ सारखे म्हणून काही जण एकच धरतात, पण त्यात २ टक्के जातात आणि तुमच्याकडे एकूण अडीचच आहेत. कोडच्या आत सगळं पास्कलमध्ये ठेवा, बदल फक्त स्क्रीनवर दाखवताना.

फ्लोचं मात्र नीट समजून घ्या, सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. बरेच फ्लो सेन्सर 'स्टँडर्ड' लिटर दाखवतात, म्हणजे ठरावीक तापमान आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल प्रेशरला जेवढा झाला असता तेवढा लिटर. हे ठरावीक तापमान कुणाचं ० डिग्री, कुणाचं २०, आणि नुसत्या ० आणि २० मध्येच ७.३ टक्क्यांचा फरक पडतो. दोन मीटर जुळत नसतील तर दुरुस्तीला पाठवायच्या आधी दोघांचं स्टँडर्ड तापमान बघा.

आता पुण्याचं उदाहरण घ्या. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर, हवेचं प्रेशर ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास. खोलीत ३० डिग्री असेल तर २० डिग्रीवाले १०० स्टँडर्ड एलपीएम म्हणजे प्रत्यक्षात वाहणारे ११० एलपीएम. तेच मुंबईत ३० डिग्रीला १०४ च्या जवळपास. टेस्टर तोच, कोड तोच, नुसती जागा बदलली. आणि व्हेंटिलेटर जर शरीराच्या परिस्थितीतला आकडा दाखवत असेल, म्हणजे ३७ डिग्री आणि पूर्ण ओली हवा, तर तो समुद्रसपाटीवरसुद्धा २० डिग्रीच्या कोरड्या स्टँडर्ड आकड्यापेक्षा सुमारे १३ टक्के जास्त येतो. ही मशीनची चूक नाही, दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत.

म्हणून टेस्टरमध्ये वातावरणाचं प्रेशर मोजणारा एक वेगळा सेन्सर आणि हवेच्या वाटेत एक तापमानाचा सेन्सर हवाच, त्यावर पैसे वाचवू नका. स्क्रीनवर आकड्याशेजारी परिस्थिती लिहा: 'स्टँडर्ड २०', 'प्रत्यक्ष' किंवा 'शरीर'. नुसतं एलपीएम लिहू नका.

सावधान: फोनच्या अ‍ॅपमधलं हवामानाचं प्रेशर टेस्टरमध्ये टाकू नका. ते बहुतेक वेळा समुद्रसपाटीला नेऊन सांगितलेलं असतं, पुण्यातही १०१० दाखवेल.

३. हवेचा मार्ग आधी बनवा, इलेक्ट्रॉनिक्स नंतर

मोठ्यांच्या सर्किटची जोडणी २२ मिलिमीटर आणि १५ मिलिमीटरच्या निमुळत्या कोनची असते, आयएसओ ५३५६-१ प्रमाणे. हे कनेक्टर विकत घ्या, घरच्या थ्रीडी प्रिंटरवर काढलेला कोन थरांमधल्या फटींतून लीक होतो आणि दहा-वीस वेळा लावला-काढला की ढिला पडतो.

२२ मिलिमीटरच्या नळीत ३० एलपीएमला रेनॉल्ड्स आकडा (हवा शांत वाहते की घुसळते ते सांगणारा) साधारण १९०० येतो आणि ६० एलपीएमला ३९०० च्या आसपास. म्हणजे शांत वाहणारी हवा घुसळायला लागते ती नेमकी श्वासाच्या रेंजच्या मधोमध. त्यात तुम्ही सेन्सरच्या तोंडाशीच एल्बो लावला किंवा वळ्यावळ्यांची कॉरुगेटेड नळी आणून जोडली की फिरत येणारी हवा रीडिंग हलवते, आणि नळी कशी वळवून ठेवली त्याप्रमाणे आकडा बदलतो. उपाय साधा आहे, फ्लो मोजायच्या जागेच्या आधी व्यासाच्या १० पट सरळ गुळगुळीत नळी आणि नंतर ५ पट, म्हणजे २२ मिलिमीटरला २२० आणि ११०. दोन्ही दिशांनी मोजायचं असेल तर दोन्हीकडे २२०. तेवढी जागा नसेल तर आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी बसवा, पण मग कॅलिब्रेशन त्या जाळीसकटच.

प्रेशर टॅपची (जिथून प्रेशर मोजायचं ती) भोकं १ ते १.५ मिलिमीटर, नळीच्या भिंतीला काटकोनात, आणि आतल्या बाजूला ड्रिलची बर्र (उरलेली खरबरीत धार) अजिबात राहता कामा नये. बर्र राहिली की प्रेशर फ्लोप्रमाणे खोटं वाढतं किंवा कमी होतं, आणि कितीही भारी सेन्सर लावला तरी ते कळत नाही. नखाने आतून फिरवून बघा, कडा लागली तर परत साफ करा. शक्य असेल तर परिघावर चार टॅप काढून एका रिंगमध्ये जोडा, एका बाजूला जास्त वेग असला तरी सरासरी मिळते.

टॅप नळीच्या वरच्या बाजूला आणि सेन्सर नळीच्याही वर. पावसाळ्यात किंवा ह्युमिडिफायर लावला की नळीत पाणी साचतं, आणि सेन्सर खाली असेल तर ते थेंब बारीक नळीत उतरून बसतात. ५ मिलिमीटरचा थेंबांचा स्तंभ म्हणजे ०.५ सेंमीची चूक. बारीक नळ्या शक्य तितक्या आखूड, आणि दोन्ही बाजूंच्या अगदी सारख्या लांबीच्या.

टेस्टरचा स्वतःचा अडथळाही मोजा. मी ६० एलपीएमला २ सेंमीपेक्षा कमी ठेवतो. जास्त झाला तर सीपॅपला तुमच्या टेस्टरमुळेच जोर लावावा लागतो आणि तुम्ही मशीन नाही, स्वतःचा टेस्टर मोजत बसता.

सावधान: ऑक्सिजन जाणार असेल तर वाटेत कुठेही तेल, ग्रीस, व्हॅसलीन नको, ओ-रिंगलाही नाही. आग लागते. गॅरेजच्या तेलवाल्या कॉम्प्रेसरची हवा एकदा जरी त्या नळीतून गेली असेल तरी ती नळी ऑक्सिजनला वापरू नका. आणि हॉस्पिटलच्या भिंतीवरची लाइन सुमारे ४ बार असते, म्हणजे ४००० सेंमी, ती रेग्युलेटर आणि रिलीफ व्हॉल्वशिवाय जोडायची नाही.

सावधान: पेशंटकडून परत आलेलं मशीन जोडताना मध्ये बॅक्टेरियल फिल्टर लावा, दर मशीनला नवा. त्याचा अडथळा हिशोबात धरा.

४. फ्लो मोजायचा घटक, आणि मगच सेन्सर

आता खरेदी. तीन मुख्य वाटा आहेत.

ऑरिफिस, म्हणजे नळीत भोकाची चकती. स्वस्त, मजबूत, धुता येते. पण प्रेशरचा फरक फ्लोच्या वर्गाने बदलतो. १०० एलपीएमला ५०० पास्कल मिळाले तर १० एलपीएमला फक्त ५. सेन्सरचा झिरो १ पास्कल सरकला तर १०० ला काहीच कळणार नाही पण १० ला जवळपास साडेनऊ टक्के चूक. म्हणून ऑरिफिसवर ०.५ ते १२० अशी रेंज एका चकतीत बसतच नाही, दोन चकत्या लागतात.

लॅमिनार घटक, म्हणजे बारीक नळ्यांचा जुडगा किंवा बारीक जाळी. यात फरक फ्लोच्या प्रमाणात सरळ वाढतो, कमी फ्लोलाही चांगला सिग्नल. मात्र तो हवेच्या घनतेवर नाही तर चिकटपणावर चालतो आणि ओलावा, धूळ, थुंकीचे थेंब अडकले की अडथळा वाढून रीडिंग हळूहळू वर जातं. दर महिन्याला बघावं लागतं.

तिसरं थर्मल मास फ्लो सेन्सर, तयार मिळतो, आतच कॅलिब्रेट केलेला. कमी फ्लोला उत्तम. स्टँडर्ड लिटर देतो हे लक्षात ठेवा आणि वायू बदलला की त्याचं कॅलिब्रेशन बदलतं.

वायूचा मुद्दा तिन्हींना आहे. ऑक्सिजन हवेपेक्षा साधारण १० टक्के जड, म्हणून हवेवर लावलेला ऑरिफिस ऑक्सिजनवर सुमारे ५ टक्के चुकतो. चिकटपणा ११ टक्क्यांच्या आसपास जास्त, म्हणून लॅमिनार तेवढाच चुकतो. टेस्टरवर वायू निवडायचं बटण ठेवा आणि रिपोर्टमध्ये कोणता वायू निवडला होता ते आपोआप छापून येऊ द्या.

आता एक चूक जी चांगले इंजिनियरही करतात. प्रेशरचा फरक मोजणारे सेन्सर दोन जातींचे असतात: एकात पडदा असतो, दुसऱ्यात दोन्ही पोर्टमधून अगदी थोडी हवा आरपार वाहते आणि तिच्या उष्णतेवरून फरक कळतो. दुसऱ्या जातीचा झिरो फार स्थिर असतो, आडवा ठेवा उभा ठेवा फरक नाही, म्हणून फ्लोसाठी तो मला जास्त आवडतो. पण तो स्वतःच एक छोटी गळती आहे! लीक टेस्टच्या बंद बाजूला तो लावला, दुसरा पोर्ट हवेला उघडा ठेवला, की चांगलं सर्किटही लीक दाखवेल. लीक टेस्टला पडद्याचाच सेन्सर. आणि थर्मल जातीला लांब बारीक नळ्या लावल्या की रीडिंग कमी येतं, कारण हवा त्या नळीतून वाहून यावी लागते. त्यातल्या काहींना दोन मोड असतात, एक मास फ्लोसाठी भरपाई केलेला आणि एक खऱ्या प्रेशर फरकाचा, चुकीचा मोड घेतला तर रीडिंग सरळ चुकतं.

पडद्याच्या सेन्सरला उलटी भानगड आहे, त्याची बाजू बदलली की पडद्याच्या वजनाने झिरो सरकतो. ज्या स्थितीत डब्यात बसणार त्याच स्थितीत झिरो करा.

तपासा: कमीत कमी फ्लोला सेन्सरला किती पास्कल मिळतात ते लिहा आणि झिरो किती सरकू शकतो ते शेजारी लिहा. पहिला आकडा दुसऱ्याच्या किमान ५० पट असावा, चौरस संबंधाच्या ऑरिफिसला २५ पट चालतो. नसेल तर घटक बदला, सेन्सर नाही.

५. लीक टेस्ट, जिथे जास्तीत जास्त टेस्टर खोटं बोलतात

पद्धत वरवर सोपी आहे, हवा भरा, व्हॉल्व बंद करा, थांबा, किती प्रेशर पडलं बघा. क्रम असा ठेवा:

अ) सर्किट जोडा, सगळी तोंडं बूच लावून बंद करा, झिरो घ्या.
आ) हळूहळू ठरलेल्या प्रेशरपर्यंत भरा, उदाहरणार्थ ६० सेंमी.
इ) भरणं चालू ठेवूनच थांबा, म्हणजे नळी ताणून स्थिर होऊ द्या.
ई) व्हॉल्व बंद, परत थोडं थांबा.
उ) आता घड्याळ सुरू, सुरुवातीचं आणि शेवटचं प्रेशर नोंदवा.
ऊ) हवा सोडा, झिरो परत बघा. झिरो हलला असेल तर ती टेस्ट रद्द.

लोक इ आणि ई गाळतात. हवा दाबली की गरम होते आणि मग थंड होताना प्रेशर पडतं, गळती एक थेंबही नसताना. हिशोब बघा: बंद भांड्यात हवेचं तापमान १ डिग्रीने उतरलं तर प्रेशर सुमारे ३.५ सेंमीने पडतं. अर्धा डिग्री म्हणजे पावणेदोन सेंमी. म्हणून टेस्ट चालू असताना सर्किटला हात लावायचा नाही, पंखा आणि एसीचा झोत त्यावर नको, खिडकीतलं ऊन नको. आणि डब्यातले सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारे) व्हॉल्व! कॉइल तापते, तिच्या शेजारची हवा तापते, आणि सकाळची पहिली टेस्ट आणि दुपारची टेस्ट वेगळी येते. सुरुवातीला पूर्ण करंट देऊन मग धरून ठेवण्यापुरता कमी करा, किंवा लॅचिंग व्हॉल्व (करंटशिवाय आहे तसा राहणारा) वापरा, आणि व्हॉल्वचा ठोकळा हवेच्या वाटेपासून दूर.

आता गळतीचा आकडा. पुस्तकी सूत्र म्हणजे आकारमान गुणिले पडलेलं प्रेशर, भागिले वातावरणाचं प्रेशर, भागिले वेळ. तोंडपाठ ठेवायचं असेल तर १ लिटरच्या कडक भांड्यात मिनिटाला १ सेंमी पडणं म्हणजे जवळपास १ मिलीलिटर प्रति मिनिट.

१.२ लिटरचं सर्किट, ३० सेकंदात ५ सेंमी पडलं, पुण्याचं वातावरण म्हणजे सुमारे ९६९ सेंमी. उत्तर १२.४ मिलीलिटर प्रति मिनिट. छान वाटतं ना? पण हे उत्तर कडक भांड्याचं आहे. ब्रीदिंग सर्किटची नळी लवचिक असते, प्रेशर पडताना ती स्वतः आक्रसून हवा आत ढकलते आणि प्रेशर धरून ठेवते. समजा नळीच्या भिंतीची लवचिकता प्रत्येक सेंमीला १ मिलीलिटर आहे, तर त्या ५ सेंमीत नळीनेच ५ मिलीलिटर भरून काढले आणि खरी गळती २२ च्या पुढे आहे. म्हणजे टेस्टर खऱ्या गळतीच्या जेमतेम अर्धी दाखवतोय, आणि चूक पेशंटच्या विरुद्ध बाजूला आहे, खराब सर्किट पास होतंय!

यावरचा उपाय मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो असा, आकारमानाचा हिशोबच करू नका. बंद सर्किटमध्ये मोठ्या सिरिंजने मोजून १०० मिलीलिटर हवा हळू ढकला, स्थिर झाल्यावर प्रेशर किती वाढलं बघा. वरच्या सर्किटला ते ४५ सेंमीच्या आसपास वाढेल. १०० भागिले ४५ म्हणजे २.२ मिलीलिटर प्रति सेंमी, ही हवा आणि नळी मिळून एकूण लवचिकता. आता गळती म्हणजे ही लवचिकता गुणिले पडलेलं प्रेशर भागिले वेळ: २.२ × ५ ÷ ०.५ मिनिट, २२. झालं. प्रत्येक मॉडेलच्या सर्किटला हे एकदा करून टेस्टरमध्ये साठवा. फार मऊ सर्किट असेल, टेस्ट लंग किंवा सिलिकॉन पिशवी लावलेली असेल, तर प्रेशर पडणं बघूच नका, प्रेशर स्थिर ठेवायला किती हवा आत द्यावी लागते ती छोट्या मास फ्लो मीटरने मोजा.

गळतीची मर्यादा किती धरायची ते तुमच्या मशीनला लागू असलेल्या स्टँडर्डच्या चालू आवृत्तीतून घ्या, जुन्या पीडीएफमधून किंवा दुसऱ्याच्या एक्सेलमधून नाही. मोठ्यांचं, लहान मुलांचं आणि नवजात बाळाचं, तिन्हींचं टेस्ट प्रेशर आणि मर्यादा वेगळ्या असतात.

तपासा: सर्किटच्या जागी जाड धातूचं बंद भांडं लावून पूर्ण टेस्ट चालवा. तिथे जी गळती दिसेल ती टेस्टरची स्वतःची. ती मर्यादेच्या दहाव्या भागापेक्षा जास्त असेल तर आधी साबणाचं पाणी घेऊन टेस्टरचेच सांधे शोधा.

६. इलेक्ट्रॉनिक्स आणि कोड

इथे थोडक्यात, कारण हा भाग बहुतेकांना येतो. श्वासाचा ग्राफ पकडायला सेकंदाला २०० नमुने पुरेसे होतात, पण फ्लो आणि प्रेशर एकाच क्षणी वाचले पाहिजेत, एकामागून एक रांगेत वाचले तर आकारमान आणि ट्रिगरची (श्वास ओळखून मशीन हवा द्यायला लागते ती) वेळ सरकते. स्क्रीनवर गुळगुळीत दिसावं म्हणून लावलेलं फिल्टर पीक प्रेशरवर लावू नका, पीक कापला जातो. कच्चा डेटा नेहमी वेगळा साठवा.

टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासातली हवा, फ्लोच्या बेरजेतून येतो, त्यामुळे झिरोची चूक साचत जाते. ०.५ एलपीएमचा झिरो सरकला आणि ४ सेकंदांचा श्वास असला तर ३३ मिलीलिटर खोटे. मोठ्या माणसाच्या ५०० मध्ये ते खपून जाईल, नवजात बाळाचा पूर्ण श्वासच १५-२० मिलीलिटरचा असतो. म्हणून तीन तोंडांचा एक छोटा व्हॉल्व बसवा जो सेन्सरचे दोन्ही पोर्ट एकमेकांना जोडून आपोआप झिरो घेईल, चालू करताना आणि नंतर ठरावीक वेळाने, पण मोजणी चालू असताना मध्येच नाही.

प्रेशर सेन्सरला मेकॅनिकल रिलीफ व्हॉल्व हवाच, सॉफ्टवेअरच्या मर्यादेवर विसंबू नका.

७. कॅलिब्रेशन, याच क्रमाने

आधी टेस्टर अर्धा तास चालू ठेवा. मग झिरो, मग प्रेशर, मग फ्लो, शेवटी लीक. क्रम उलटा केला तर प्रेशरची चूक फ्लोच्या गुणकात लपते आणि ती नंतर सापडत नाही.

प्रेशरला साधा पाण्याचा यू-ट्यूब मॅनोमीटर आजही उत्तम आहे. नळी आतून ८ मिलिमीटर किंवा जास्त, नाहीतर पाणी भिंतीला चढून चुकवतं. वाचायचं ते दोन्ही बाजूंच्या पातळीतलं अंतर, एका बाजूचं दुप्पट करून नाही. ३० डिग्रीला पाणी थोडं हलकं होतं, चूक ०.४ टक्के, गुणून घ्या. बुडबुडा अडकलाय का बघा. ० ते १०० मधले किमान सहा बिंदू, वर जाताना आणि खाली येताना दोन्ही, आणि उणे बाजूचे दोन विसरू नका.

फ्लोला एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबकडून कॅलिब्रेट केलेला रेफरन्स मीटर घ्या आणि प्रमाणपत्र नीट वाचा. तुमचे बिंदू त्यात आहेत का, वायू कोणता होता, परिस्थिती कोणती, अनिश्चितता किती. २० ते २०० एलपीएमला कॅलिब्रेट केलेला मीटर तुमच्या ५ एलपीएमला काही कामाचा नाही. बिंदू खालच्या बाजूला दाट घ्या, ०.५, १, २, ५, १०, २०, ४०, ८०, १२०. दोन्ही दिशा. झिरो वेगळा ठेवा, कर्व्हमध्ये मिसळू नका.

सावधान: दोन मीटर एकामागे एक लावले की दोघांतून वस्तुमान सारखं जातं, पण आकारमान नाही. पहिल्या मीटरमध्ये प्रेशर ६० सेंमीने जास्त असेल तर प्रत्यक्ष लिटर सुमारे ६ टक्क्यांनी कमी दिसतील. कॅलिब्रेट करताना अडथळा दोघांच्या नंतर नाही, आधी ठेवा, म्हणजे दोन्ही मीटर जवळपास वातावरणाच्या प्रेशरला राहतील.

शेवटी तीन लिटरची कॅलिब्रेशन सिरिंज, स्पायरोमेट्रीवाल्यांकडे (फुप्फुसाची क्षमता तपासणाऱ्यांकडे) असते. हळू, मध्यम आणि जोरात, तिन्ही वेगांना आकारमान ३ टक्क्यांच्या आत आलं पाहिजे. हळूला बरोबर आणि जोरात चूक असेल तर कर्व्हचं वरचं टोक चुकलंय, हळूलाच चूक असेल तर झिरो.

८. टेस्टर लबाडी पकडतो का, ते बघा

चांगली सर्किट पास झाली म्हणजे टेस्टर चालतो असं नाही, बंद पडलेला टेस्टरही सगळं पासच करेल. त्याला मुद्दाम खराब माल द्या. बारीक कॅपिलरी किंवा मायक्रो-नीडल व्हॉल्व वापरून दोन ठरीव गळत्या बनवा, एक मर्यादेच्या थोडी आत आणि एक थोडी बाहेर, आणि त्यांचा आकडा सोप-फिल्म मीटरने, म्हणजे साबणाच्या पडद्याच्या काचेच्या नळीने पक्का करा. रोज सकाळी पहिलं काम हे दोन लावून बघणं. बाहेरची गळती पास झाली तर त्या दिवशी टेस्टर बंद, आणि शेवटचं बरोबर आल्यापासून तपासलेला सगळा माल परत तपासायचा.

मग तीन वेगळ्या माणसांना तेच दहा नमुने दोन-तीन वेळा तपासायला द्या, नावं झाकून. माणूस बदलला की आकडा बदलत असेल तर कारण बहुतेक कनेक्टर किती जोरात दाबला किंवा किती वेळ थांबला यात असतं. थांबायची वेळ सॉफ्टवेअरने ठरवावी, माणसाने नाही.

पास-नापासची रेषा मर्यादेवर ठेवू नका, टेस्टरच्या अनिश्चिततेएवढी आत घ्या. मर्यादा १०० आणि अनिश्चितता ८ असेल तर ९२ च्या वर नापास. प्रॉडक्शनवाले कुरकुर करतील, तरी आतच ठेवा.

९. कागद आणि देखभाल

मशीन बनवणाऱ्या कंपनीसाठी हा टेस्टर असेल तर आयएसओ १३४८५ चं कलम ७.६ त्याला लागू होतं, आणि भारतात मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ च्या पाचव्या शेड्यूलमधल्या गुणवत्ता व्यवस्थेतही मोजायची उपकरणं येतात. टेस्टरमधलं सॉफ्टवेअरही प्रमाणित केलेलं असावं लागतं, त्यामुळे आवृत्ती क्रमांक रिपोर्टवर छापा आणि कॅलिब्रेशनचे गुणक पासवर्डमागे ठेवा.

वर्षाला एकदा पूर्ण कॅलिब्रेशन, आणि टेस्टर पडला, सेन्सर बदलला किंवा नळी बदलली तर लगेच, तारखेची वाट न बघता. नळी बदलली ही गोष्ट लोक नोंदवतच नाहीत. पावसाळ्यात काम संपल्यावर दहा मिनिटं कोरडी हवा सोडा, बारीक नळ्या उजेडात धरून थेंब आहेत का बघा, लॅमिनार जाळीचा ६० एलपीएमचा अडथळा दर महिन्याला लिहून ठेवा, तो वर सरकायला लागला की जाळी धुवायची आणि धुतल्यावर कॅलिब्रेशन परत.

रोजच्या नोंदवहीत एवढं पुरे: तारीख, कुणी तपासलं, खोलीचं तापमान, वातावरणाचं प्रेशर, झिरो, आतली आणि बाहेरची ठरीव गळती किती आली, आणि काही बदललं असेल तर काय.